श्वासाकडे पाहिलं की छाती धडधडते

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेलं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून, थोडक्यात देत आहे.

लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या आहेत, पतसंस्थेत लेखनिक आहेत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचा थोरला भाऊ वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. मार्चअखेरची कामं होती, म्हणून तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या कामावर हजर झाल्या. पुढे दोन महिन्यांनी एसटीत बसल्या असताना अचानक छाती धडधडू लागली, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. त्यानंतर तीन ईसीजी, एक टूडी इको, थायरॉइडची तपासणी असं सगळं झालं, काहीही निघालं नाही. अखेर मानसोपचारतज्ज्ञांनी चिंताविकार असल्याचं सांगून एस्सिटालोप्रॅमची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. पाच महिन्यांत झोप सुधारली, एसटीने जाणं-येणं पुन्हा सुरू झालं. धास्तीचा असा झटका अजून येतो, पण महिन्यातून एखादा.

त्यांच्या मोठ्या नणंद तीन वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आल्या आणि त्यांचा तापट स्वभाव खरोखर निवळला. त्या म्हणतात, "गोळ्यांनी डोकं बधिर होतं. त्या सोड, दहा दिवस बस, मुळापासून बरी होशील." पुढच्या महिन्यातल्या शिबिराचा अर्ज भरायचा आहे. त्यात चालू औषधांची माहिती विचारली आहे. "ती लिहू नकोस, नाही तर घेणार नाहीत," असंही नणंदेने सांगितलं आहे. तयारी म्हणून ताई मोबाइलवरचं ॲप लावून रोज दहा मिनिटं श्वासावर लक्ष ठेवायला बसतात, पण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला छाती धडधडू लागते आणि त्या उठतात. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून त्यांच्या पर्समध्ये असतो. ध्यानाला बसतानाही तो बोटाला लावलेला असतो.

त्यांनी विचारलंय, "गोळी सोडून शिबिराला जाऊ का? गोळीने वाटतं ते बरं वाटणं खरं माझं नाही ना? आणि ज्या बाईला पाच मिनिटंही बसता येत नाही, तिचं ध्यानाने काय भलं होणार?"

ताई,

अर्जाची तारीख जवळ आहे, म्हणून दोन गोष्टी आधी सांगते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि अर्जातला औषधांचा रकाना रिकामा सोडू नका. बाकीचं सावकाश बोलू.

एस्सिटालोप्रॅमचं व्यसन लागत नाही, पण शरीर तिच्याशी जुळवून घेतं. ती एकदम थांबवली तर बऱ्याच जणांना दोन-चार दिवसांत गरगरतं, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यातून विजेचा बारीक झटका गेल्यासारखं वाटतं आणि धास्ती वाढते. आजार परतला असं वाटतं, पण तो असतो गोळी झटकन सोडल्याचा परिणाम. म्हणूनच गोळी कमी करायची वेळ येते तेव्हा डॉक्टर ती पायरीपायरीने, काही आठवडे किंवा महिने घेऊन कमी करतात. आता हेच शिबिराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झालं तर? पहाटे चारला उठायचं, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसायचं, आर्य मौन, म्हणजे बोलणं आणि खाणाखुणाही बंद, पाळायचं, मोबाइल जमा केलेला. गोळीबद्दल तुम्ही कोणाला सांगितलेलं नाही. तिथल्या आचार्यांना वाटेल, नव्या साधकाला होते तशी घालमेल आहे. तुम्हाला वाटेल, आत साठलेलं बाहेर पडतंय, सोसायला हवं. खरं कारण काय, ते त्या दालनात कोणालाच माहीत नसेल.

अर्जातला तो प्रश्न माणसं गाळण्यासाठी विचारलेला नाही. विपश्यनेच्या नियमावलीतच लिहिलेलं आहे, की ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची जागा घेऊ शकत नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये. तुमचा आजार त्यात बसतो असं मी म्हणत नाही. बसतो की नाही, हे ठरवायला त्यांना आणि तुमच्या डॉक्टरांना खरी माहिती लागते, एवढंच.

ज्यांच्यामुळे ही साधना महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली, त्या सत्यनारायण गोएंकांची गोष्ट तुमच्या नणंदबाईंनी शिबिरातल्या प्रवचनांत कदाचित ऐकलीही असेल. मंडालेत १९२४ साली जन्मलेल्या या व्यापाऱ्याला अर्धशिशीचा इतका त्रास होता, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ साली ते विपश्यना शिकवणारे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गोएंकाजी स्वतः सांगत, की डोकेदुखीवरचा इलाज म्हणून येणार असशील तर शिकवणार नाही, मन निर्मळ करायला येणार असशील तर ये, असं गुरूंनी त्यांना सांगितलं होतं. पुढे ते १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं. ज्या परंपरेत पहिल्याच पायरीवर "इलाज म्हणून येऊ नकोस" असं सांगितलं गेलं, त्या परंपरेच्या नावाने "दहा दिवसांत मुळापासून बरी होशील" असं वचन तुम्हाला मिळालं आहे. हे वचन नणंदबाईंच्या मायेतून आलं आहे, आणि ती माया मला पत्रातही दिसते. पण ते परंपरेचं वचन नाही.

मग ध्यानाने चिंता कमी होते, हे खोटं का? मुळीच नाही. मात्र ज्याला उपचार म्हणता येईल असं ध्यान नेमकं काय असतं, ते समजून घ्यायला हवं.

पालीतल्या ‘सति’ या शब्दासाठी, म्हणजे आपल्या ‘स्मृती’साठी, इंग्रजीत माइंडफुलनेस हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण सजगता म्हणतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये या सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. सुरुवातीला तिथे येत ते जुनाट दुखण्यांचे रुग्ण, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आठवड्यातून एकदा अडीच तासांचा वर्ग, शिकवायला अनुभवी माणूस, मध्ये एक पूर्ण दिवसाची बैठक आणि घरी रोज सुमारे ४५ मिनिटांचा सराव. पडून राहून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेणं, साधी योगासनं, चालणं, बसणं.

याच अभ्यासक्रमाची २०२२ मध्ये अमेरिकेत एक चांगली चाचणी प्रसिद्ध झाली, आणि त्यात तुलनेला घेतलेली गोळी नेमकी तुमचीच होती. चिंताविकाराच्या २७६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. निम्म्यांना आठ आठवडे एस्सिटालोप्रॅम १० ते २० मिलिग्रॅम, निम्म्यांना सजगतेचा अभ्यासक्रम. कोण कशावर आहे हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी शेवटी त्यांना तपासलं. आजाराच्या तीव्रतेच्या सात पायऱ्यांच्या मोजपट्टीवर दोन्ही गट सरासरी साधारण १.४ पायऱ्यांनी खाली आले होते. सजगता गोळीपेक्षा कमी पडली नाही. गोळीच्या गटात सुमारे ७९ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, सजगतेच्या गटात सुमारे १५ टक्क्यांना.

हे वाचून नणंदबाई म्हणतील, "बघ, मी सांगत नव्हते?" म्हणून ही चाचणी नीट उलगडून सांगते. तिथे कोणालाही लागू पडलेली गोळी सोडायला सांगितलेलं नव्हतं. तिथे दहा दिवस एकदम बसवलेलं नव्हतं, आठ आठवडे, दर आठवड्याला चेहरा बघणारं माणूस होतं. भीती वाटली की हात वर करून विचारता येत होतं. आणि सजगतेच्या गटातही ज्यांना त्रास झाला, त्यांच्यातल्या काहींची तक्रार हीच होती, की सराव करताना चिंता वाढली. २७६ पैकी २०८ जणांनीच उपचार पूर्ण केले. म्हणजे दोन्ही वाटा चांगल्या, दोन्हींना मेहनत किंवा त्रास आहे आणि दोन्हींनी माणूस सरासरी एक-दीड पायरी उतरतो. मुळापासून बरं करणारं तिथे काहीही नव्हतं. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही ध्यानाने चिंता थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी होते असं दिसलं. पण औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ते सरस ठरतं, असं दिसलं नाही.

म्हणून "गोळी की ध्यान" हा प्रश्न मला तुमच्या हातून खाली ठेवावासा वाटतो. तुम्ही त्यात उपचारापेक्षा स्वतःची परीक्षा जास्त घेताय. गोळीने वाटतं ते बरं वाटणं माझं नाही, असं तुम्ही लिहिलंत. ताई, पाच महिन्यांपूर्वी तुम्ही एसटीत पाय ठेवू शकत नव्हता. गोळीने आतला भोंगा थोडा हळू केला असेल, पण स्टँडवर जाऊन पहिल्या दिवशी गाडीत कोण चढलं? छाती धडधडत असताना पतसंस्थेत बसून हिशेब कोणी जुळवले? त्या गोळीला तुमच्या गावाचा रस्ताही माहीत नाही.

आता त्या चौथ्या मिनिटाकडे येते. मला तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो वाटतो.

तुम्हाला वाटतंय, मला बसता येत नाही. मला दिसतंय ते वेगळं आहे. भाऊ गेल्यापासून तुम्ही आपल्या छातीवर पहारा ठेवून आहात. ठोका चुकला का, श्वास पुरतोय का, आकडा ९८ आहे ना. दिवसभर पहारा देणाऱ्या माणसाला ॲपने सांगितलं, डोळे मीट आणि श्वासाकडे बघ. मग त्याने काय केलं? पहारा आणखी कडक केला. डोळे मिटल्यामुळे बाहेरचं काही उरलं नाही, उरली फक्त छाती. तिच्याकडे धास्तावून बघितलं की ती धडधडणारच, आणि धडधडली की बघणं आणखी धास्तावणार. चिंतेचा त्रास शरीरातून ज्यांना जास्त जाणवतो, अशा पुष्कळ जणांचं असंच होतं. ध्यानाच्या ८३ अभ्यासांचा २०२० मध्ये आढावा घेतला गेला, त्यात सुमारे आठ टक्के लोकांना ध्यानात नको असलेले अनुभव आल्याचं आढळलं, आणि त्यांतला सगळ्यात जास्त आढळलेला अनुभव चिंतेचाच होता. तेव्हा तुम्ही नापास झालेल्या नाहीत. तुमच्या दुखऱ्या जागेवर पहिल्याच दिवशी बोट ठेवायला लावलं गेलं.

आणखी एक. तुम्ही बसता ती चिंता जावी म्हणून. दर मिनिटाला आत डोकावून विचारता, गेली का? हे विचारणं म्हणजेच चिंता. सजगतेत चिंता घालवायची नसते. ती असताना तिच्याशेजारी थोडा वेळ थांबता येतं, हे शरीराला हळूहळू कळू द्यायचं असतं. ती कमी होते ती त्यानंतर, आपण वाट बघणं सोडलं की.

तर असं करून बघा. पुढचे दोन आठवडे श्वासाला हातच लावू नका, ॲपही बंद. सकाळी स्वयंपाकघरात चप्पल काढून फरशीवर उभ्या राहा, डोळे उघडे. तळपायाला फरशीचा गारवा लागतो तो कुठे जास्त, कुठे कमी, एवढंच बघा. टाचेला? बोटांना? तीन मिनिटं पुरे. संध्याकाळी तीन मिनिटं कानावर लक्ष. कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा टीव्ही, रस्त्यावरची मोटारसायकल, येईल तो आवाज येऊ द्यायचा. भाकरी करत असाल तर आणखी चांगलं. पिठाचा ओलावा, तळव्याखाली पसरत जाणारा गोळा, परातीवरचा थापण्याचा आवाज, तव्याची धग. मन भावाकडे जाईल, मार्चअखेरच्या हिशेबाकडे जाईल, नणंदेच्या बोलण्याकडे जाईल. गेलं हे लक्षात आलं की हातातल्या पिठाकडे परत या. मन शंभरदा गेलं आणि शंभरदा परत आलं, तर तुमचा शंभरदा सराव झाला.

तिसऱ्या आठवड्यात चटईवर पाठीवर पडा, गुडघे वाकवलेले, एक हात पोटावर. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही, नाकाशी शोधायचा नाही. पोट वर-खाली होतं तेवढं हाताला कळू द्या. छाती धडधडू लागली तर उठून पळू नका आणि तिच्याशी भांडूही नका. लक्ष तळपायांकडे न्या, धडधड एका कोपऱ्यात असू द्या. मनात म्हणा, "धडधड आहे. पायाखाली जमीनही आहे." आणि "भावासारखं माझंही होणार" असं आलं, तर "तो विचार आला" एवढंच म्हणा. हे वाक्य छोटं आहे, पण विचार आणि घडणारी गोष्ट यांत एका हाताचं अंतर पाडतं. मात्र अंग बधिर झालं, आजूबाजूचं सगळं खोटं-खोटं वाटू लागलं, किंवा हॉस्पिटलमधली दृश्यं पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली, तर तिथेच थांबा. डोळे उघडा, तोंडावर गार पाणी मारा, घरातल्या कोणाशी तरी साधं काहीतरी बोला, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. त्यात ताणून धरण्यासारखं काही नसतं.

एसटीत झटका आला तर शक्यतो पुढच्या थांब्यावर उतरू नका. असा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो. मध्येच उतरलं की मेंदूला वाटतं, उतरले म्हणून वाचले, आणि पुढच्या वेळी तो आणखी लवकर घंटा वाजवतो. पुढच्या सीटचा दांडा धरा, त्याचा गारठा बघा, खिडकीबाहेरचं जे दिसेल त्याची मनात नावं घ्या. चिंच, बोअरवेल, ऊस, शाळा.

ऑक्सिमीटर फेकून द्या असं म्हणत नाही, ते एकदम जमणार नाही. आधी सरावाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवा. मग आठवड्यातले दोन दिवस पर्समधून काढून कपाटात ठेवा. तो ९८ दाखवतो तेव्हा दहा मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्या मिनिटाला पुन्हा बघावंसं वाटतं. पहारेकऱ्याच्या हातातला कंदील आहे तो.

पण तुमच्या भीतीत एक खरा मुद्दाही आहे, तो मी चिंतेच्या नावाखाली झाकणार नाही. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर भावंडांसाठी ती लक्ष ठेवण्याची गोष्ट असते. म्हणून वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, तुमच्या फिजिशियनकडून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघून घ्या आणि पुढची तपासणी केव्हा ते त्यांनाच ठरवू द्या. भीती वाटली म्हणून ईसीजी, हे मात्र बंद. अपवाद एकच: जिना चढताना किंवा कष्ट करताना छातीत दाब येणं, तो हाताकडे किंवा जबड्याकडे पसरणं, दरदरून घाम, चक्कर. असं काही झालं तर ध्यान वगैरे काही करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आणि आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुमच्या पत्रात ईसीजीबद्दल अकरा ओळी आहेत, भावाबद्दल एक. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर होतात. मध्ये एक रक्षाबंधन गेलं, एक भाऊबीज गेली. त्या दिवशी तुम्ही काय केलंत? ओवाळणीचं ताट काढलंत का? कोणाशी त्याच्याबद्दल बोललात का? चौथ्या मिनिटाला शांत बसल्यावर जे वर येतं, तो दर वेळी आजारच असतो असं मला वाटत नाही. कधी तो तुमचा दादाही असेल, ज्याच्यासाठी रडायला वेळ मिळाला नाही. अशा दुःखाला दहा दिवसांच्या मौनापेक्षा आधी बोलणं हवं असतं. वहिनींकडे जा, आईकडे जा, त्याचे फोटो काढा. तो चिडका होता की हसरा, लहानपणी सायकलवर कुठे न्यायचा, ते बोला. समुपदेशक मिळाला तर त्याच्यापुढेही पहिल्यांदा हेच काढा. गावात कोणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. मला गोळी किती काळ लागेल? साधारणपणे पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवतात, पण तुमचा हिशेब तेच सांगतील. कमी करायची वेळ आली की कशी कमी करू? आणि गोळीसोबत बोलण्याचा उपचार किंवा सजगतेचा आठ आठवड्यांचा वर्ग घेतला तर चालेल का? असे वर्ग आता ऑनलाइनही असतात. शिकवणाऱ्याला आधीच विचारा, की ध्यानात माझी चिंता वाढली तर तुम्ही काय सांगाल? "बसत राहा, जाईल" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. गोळीचा काही त्रास होत असेल, पोट बिघडणं, झोपाळूपणा, नवराबायकोच्या संबंधांतली अडचण, तर तोही संकोच न करता सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

शिबिर कायमचं रद्द करा असं मी म्हणत नाही. पुढच्या महिन्यातलं मात्र सोडा. तुम्ही काही महिने स्थिर असाल, रोज वीस-पंचवीस मिनिटं बसणं अंगवळणी पडलं असेल, डॉक्टर हो म्हणतील आणि खरी माहिती लिहिलेला अर्ज वाचून केंद्रही हो म्हणेल, तेव्हा खुशाल जा. तेव्हा इलाज म्हणून जावं लागणार नाही.

ताईंसारखीच पत्रं मला इतरही पाठवतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. चिंता सौम्य असेल, झोप-भूक-काम ठीक चाललं असेल, तर गोळीच्या आधी सजगतेचा वर्ग, रोजचं भराभर चालणं आणि बोलण्याचा उपचार करून बघायला हरकत नाही. पण ज्यांना पूर्वी भास झाले आहेत, ज्यांना मनाच्या चढउताराचा आजार, म्हणजे बायपोलर आहे, किंवा जे एखाद्या मोठ्या आघातातून नुकतेच बाहेर पडत आहेत, त्यांनी दीर्घ मौन-शिबिरांना मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि जे शांत राहण्यासाठी क्लोनाझेपामसारखी गोळी रोज घेत असतील, त्यांनी तर ती एका दिवसात कधीही सोडू नये. तशी एकदम सोडल्याने फिटसुद्धा येऊ शकते.

राहिल्या नणंदबाई. त्यांना टाळू नका आणि त्यांच्याशी वादही घालू नका. त्यांना जे मिळालं ते खरं आहे, आणि ते तुम्हाला द्यावंसं वाटणं हे प्रेमच आहे. फक्त त्यांचा त्रास राग हा होता, तुमचा त्रास भीती आहे. सांगा, "वन्सं, या महिन्यात नाही. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितली आहे, आणि खोटं लिहून मला जायचं नाही. पण रोज संध्याकाळी तीन मिनिटं माझ्याबरोबर बसाल का?" त्या बसतील असं मला वाटतं. आणि बसून झाल्यावर, चहा घेता घेता, त्यांना एक विचारा. शिबिराहून परतल्यानंतरचं त्यांनी तुम्हाला खूपदा सांगितलं असेल. तिथे असताना, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, एकट्या असताना त्यांना कशाची भीती वाटली होती?